कुरमुऱ्यांची बंद गाडी

हाजराबीचं नाव आधी घेते, मग बाकीचं सांगते. लोधिवलीला आमच्या सासरच्या कुरमुऱ्याच्या भट्टीवर कढईपुढे बसायची ती हाजराबी, उस्मानभाई ड्रायव्हरची बायको. ती नसती तर माझं पहिलं बाळंतपण माझ्या आईच्या हाताखाली झालं नसतं. आणि ते तसं झालं नसतं तर मी त्यातून कशी वाचले असते, याचा विचार अजूनही मनात आला की मी उठून उगाच काहीतरी काम काढते. आभार मानायची आमच्यात रीत नव्हती. शब्दच नव्हता तोंडात. म्हणून इथे लिहून ठेवते.

हे आठवायला कारण झाला माझा नातू. कर्जतला त्याचा लग्नकार्यात जेवणं पुरवायचा धंदा आहे, आणि त्याला जुनी पण मोठी गाडी घ्यायची होती, पातेलीही मावतील आणि देवदर्शनाला घरची माणसंही बसतील अशी. मी हट्टानं बरोबर गेले. तो आणि त्याचे मित्र चाकं बघत होते, खाली वाकून काहीबाही ठोकत होते. मी मागचं दार उघडायला लावलं, डोकं आत घातलं आणि डोळे मिटून उभी राहिले. "आजी, काय हरवलं का तुझं?" तो म्हणाला. म्हटलं, वास घेते. पोरं खूप हसली. हसू देत. मला मात्र त्या मिटल्या डोळ्यांआड दुसरीच एक गाडी दिसत होती, लांबुडकी, हिरवट रंगाची, पांढुरक्या काचेच्या दोन लहानशा खिडक्यांची.

मी माणदेशातली. आमच्याकडे पाऊस थोडा, झाडं थोडी, आभाळ भरपूर. शाळा चौथीतच सुटली, कारण धाकटी भावंडं सांभाळायला घरात कोणीतरी हवं होतं. लग्न झालं पंधराव्या वर्षी. माझे एक चुलते खोपोलीच्या वीजघरात कामाला होते, त्यांनी हे स्थळ काढलं. मामंजी मला घ्यायला आले तेव्हा आम्ही कितीतरी गाड्या बदलल्या. सर्व्हिस मोटार, मग पुन्हा सर्व्हिस मोटार, ती वाटेत बंद पडली म्हणून बैलगाडी, मग पुण्याहून आगगाडी. बोगद्यातून आगगाडी बाहेर आली आणि खाली सगळं हिरवं आणि धुरकट दिसलं, तेव्हा मला वाटलं, आपण जमिनीच्या पोटात कुठेतरी उतरतोय आणि आता वर यायचा रस्ता आपल्याला सापडणार नाही. घरात कोणी मला वाईट वागवलं नाही, हे मुद्दाम सांगते. सासूबाईंनी पहिल्याच सकाळी कढईतनं उतरलेले गरम कुरमुरे, वर ओलं खोबरं आणि गूळ, असं वाटीत घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "खा गं. आमच्या घरचा पहिला घास ह्योच आस्तो." तरी मी धास्तावलेली असायचे. भाकरी तांदळाची, ती मला थापता येईना. सुकटीच्या वासानं डोकं धरायचं. आणि मी 'व्हय' म्हटलं की सगळे हसायचे, 'न्हाय' म्हटलं की आणखी हसायचे. म्हणून मी बोलणंच कमी केलं. मान हलवून काम भागतं, हे मला त्या घरात कळलं.

भट्टी घराला लागूनच होती. भात यायचा पोशीरहून आणि कडावहून, रेती पाताळगंगेची, बारीक चाळलेली, आणि खाली जाळायला भाताचं तूस. उजाडायच्या सुमाराला उस्मानभाई तूस टाकून जाळ धरायचे आणि त्या जाळाचा एक हूं हूं असा आवाज भिंतीतून माझ्या अंथरुणापर्यंत यायचा. मग हाजराबी मिठाचं पाणी लावलेला तांदूळ तापल्या रेतीत टाकायची. क्षणभर काहीच नाही. मग सगळी कढई एकदम कुजबुजायला लागायची, जसं लग्नघरात बायकांना काहीतरी कळावं आणि त्या एकमेकींच्या कानाला लागाव्यात. हाजराबीचा हात त्यातून गोल फिरायचा, झाऱ्यातून रेती परत खाली पडायची सुर्रकन, आणि वर उरायचे पांढरेशुभ्र कुरमुरे. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी असेल ती. सावळी, दातात फट, पदराचं टोक कमरेला खोचलेलं. ती मला पोरी म्हणायची. माझ्या 'व्हय'ला न हसणारी त्या आवारात ती एकटीच. उलट म्हणायची, "बोल गं, तुझं बोलनं आयकायला बरं वाटतं. तापल्या दगडावर पानी वतल्यासारखं." मी तिच्या शेजारी तूस सावरत बसायची आणि तिला आमच्याकडच्या हुरड्याच्या गोष्टी सांगायची. थंडीत शाळूची कोवळी कणसं आगटीत भाजायची, हातावर मळून दाणे काढायचे, तोंडात टाकले की दूध सुटतं. ती म्हणायची, "आन की एकदा." मी म्हणायची, "तो आणता येत न्हाय. थंड झाला की मेला. शेतातच बसून खावा लागतो." तिला वाटायचं, मी थापा मारते.

पौषात तिनं मला पोपटी खायला नेलं. मळ्याच्या कडेला मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, वरून गवत पेटवलेलं. हुरड्याची आठवण मोडावी म्हणूनच तिनं तो घाट घातला होता. मडकं उघडलं, पाल्याची ती उग्र वाफ अंगावर आली, आणि मी उठून बांधापलीकडे ओकायला धावले. मागून हाजराबी आली. पाठीवरून हात फिरवला, माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सासूला सांगितलंस?" काय सांगायचं, हे मलाच माहीत नव्हतं. तिनंच मला सांगितलं. पुढे सासूबाईंनाही तिनंच सांगितलं.

आता गाडीचं सांगते. आमच्याकडे एक जुनी गाडी होती. मुळात चार माणसांची मोटार, मागचं सगळं काढून चौकच्या सुताराकडून फळ्यांचं खोकं बसवलेलं. तिला आम्ही पेटी म्हणायचो, आणि ती आता घाट चढायच्या लायकीची उरली नव्हती. कुरमुऱ्याच्या धंद्यात एक गंमत असते, मालाला वजन नसतं आणि जागा मात्र सगळी खातो. पेटीला ओझं कळायचं नाही, पण खोपोलीच्या बाजाराला निघताना पोती कशीबशी कोंबावी लागायची, आणि कोंबली की कुरमुऱ्यांचा चुरा. कडावला एका लग्नाला सासूबाई त्या पोत्यांवर बसून, मान छताला लावून गेल्या होत्या. उतरल्या तेव्हा डोक्यात, कानात, चोळीत कुरमुरे. तिथल्या विहिणीनं विचारलं, अक्षता आधीच पडल्या वाटतं? ते त्यांना फार लागलं होतं. "आता गाडी घ्याल ती मानसांची घ्या," त्या मामंजींना रोज म्हणायच्या. "मी लग्नाला चाललेय का बाजाराला, ते गाडीला कळाया पायजे."

लढाई संपली होती आणि लष्कराच्या जुन्या गाड्या जिथे तिथे विकायला निघाल्या होत्या. खोपोलीच्या एका शेठनं अशा दोन आणून शेडमध्ये उभ्या केल्या होत्या. एक उघडी, लाकडी फळ्यांची, मजबूत. दुसरी बंद. जखमी शिपायांना न्यायची ती गाडी, बाजूला तांबडी फुली होती ती रंगानं झाकलेली, तरी उन्हात तिरपं बघितलं की दिसायची. आत दोन्ही अंगांना लांब बाकं. दोन्हींची किंमत जवळपास सारखी, तेव्हा पैशावरून अडत नव्हतं. अडत होतं ते घरच्यांच्या मनावरून. आमच्या यांना उघडी हवी होती. यांचं म्हणणं, कुरमुरे नसतील त्या दिवशी तीत कर्जतचं गवत नेता येईल, विटा नेता येतील. सासूबाईंना अर्थातच बंद. मामंजी नुसते मिशीवरून बोट फिरवत बसायचे.

आणि मला काय हवं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं, मी एकदाही बोलले नव्हते तरी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण सातव्या महिन्यात त्या मोटारी बदलत, बैलगाडीत हादरे खात मला पाठवायला कोणी तयार नव्हतं. आई इकडे येऊन राहील, तर तेही नाही, लेकीच्या घरी नातवंडाचं तोंड दिसेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि माझी आई रीतीला फार धरून. सासूबाईंनी एका जेवणात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "बंद गाडी आली तर पोरीला निजवून थेट तिच्या दारात नेऊ. उघडीत न्यायची नाय. पोटुशी बाई उघड्यावर घाटानं नेलेली मी आयकली नाय अन् बघनार बी नाय."  रात्री हे मला म्हणाले, "मी तुझ्या वाईटावर नाही. धंद्याचं बघतोय." ते खरंही होतं. मी मान हलवली.

आमच्या घरी एक चाल होती. नवं पोतं, नवी कणगी, नवं मडकं, काहीही मालासाठी आणलं की ताज्या कुरमुऱ्यांची एक पुरचुंडी फडक्यात बांधून त्यात दिवसभर ठेवायची आणि संध्याकाळी घरच्यांनी खाऊन बघायची. कुरमुरा आजूबाजूचा वास लगेच ओढून घेतो. रॉकेलच्या शेजारी ठेवला तर रॉकेल, मिरचीशेजारी मिरची. बाजारात गिऱ्हाईक एक दाणा तोंडात टाकतं आणि पुढे निघून जातं, का ते सांगतही नाही. आधी मामंजी खायचे, मग सासूबाई. आणि घरात कोणी गरोदर असेल तर शेवटी ती, आणि मग तिचा शब्द शेवटचा. "दोन जिवांचं नाक हाय त्ये," सासूबाई म्हणायच्या, "त्याला कोन फशिवनार?"

फाल्गुनात एका सकाळी उस्मानभाई खोपोलीहून ती बंद गाडी दोन दिवसांच्या बोलीवर घेऊन आले. लढाईत त्यांनी असल्याच गाड्या चालवल्या होत्या, कुठल्या तरी वाळवंटात. ते तिच्याकडे जुनी ओळख निघाल्यासारखे बघत होते. पुरचुंडी आत ठेवली, दारं लावली. तो दिवस मला अजून डोळ्यापुढे आहे, बाकी किती दिवस आले आणि गेले. आवारात आंब्याच्या मोहोराचा वास, ऊन पिवळं, गाडी चिंचेखाली उभी, तिच्या पांढुरक्या काचांवर पानांची सावली हलतेय. मी भांडी घासता घासता तिच्याकडे बघत होते. मनातल्या मनात मी कधीच आत जाऊन निजले होते. घाट चढले होते, पुणं मागे टाकलं होतं, फलटण आलं होतं, आणि आमच्या गावच्या ओढ्याजवळ आई कमरेवर हात ठेवून उभी होती.

संध्याकाळी ओटीवर सगळे बसले. मामंजींनी चार दाणे खाल्ले, म्हणाले, मला तर काही कळत नाही. सासूबाईंनी खाल्ले, थांबल्या, पुन्हा खाल्ले. "कायतरी हाय," म्हणाल्या, "पन काय त्ये ध्यानात येत नाय." मग पुरचुंडी माझ्यापुढे आली. नाकापाशी नेण्याआधीच मला कळलं. फिनेल. आणि फिनेलच्या खाली आणखी काहीतरी, दवाखान्यातलं, गोडसर, जुनं. मी एक दाणा तोंडात टाकला. जिभेवर तो विरघळला आणि वास वर आला. सगळे माझ्याकडे बघत होते. सासूबाईंच्या डोळ्यांत तर उघड दिसत होतं, म्हण गं नाही म्हणून. मला माझी आई दिसत होती. आणि मला खोपोलीच्या बाजारातलं ते गिऱ्हाईकही दिसत होतं, दाणा तोंडात टाकून मुकाट्यानं पुढे जाणारं. ज्या घरानं मला पहिला घास दिला ते घर त्या दाण्यावर चालत होतं. मी खाली बघून म्हटलं, "वास येतो. औषधाचा." यावर कोणी हसलं नाही. हे म्हणाले, "झालं तर मग. उघडी घेऊ."

मी तुसाच्या ढिगामागे जाऊन बसले. रडले नाही, रडायची भीती वाटत होती, कोणी बघेल म्हणून. हाजराबी हात धुऊन घरी निघाली होती, तिनं मला बघितलं आणि ढिगाला वळसा घालून आली.

"खरं बोललीस ना?"

"व्हय."

"मग तोंड का असं? खोटं बोललेल्यासारखं?"

मी म्हटलं, आता आईकडे जाणं होत नाही. ती माझ्या शेजारी तुसात टेकली. म्हणाली, "माझ्या पयल्या येळेला माझी आई खाडीच्या पलीकडं व्हती. वारं सुटलं व्हतं, व्हडी बंद. मी सारखी दाराकडं बघायची." एवढंच बोलली. त्या वेळी काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिच्या घरात मी पुढे पाहिलेली मुलं होती ती सगळी त्यानंतरची. मग ती उठली, लुगड्याला चिकटलेलं तूस झाडलं आणि सरळ ओटीवर गेली. मामंजींशी ती उभ्यानं आणि तोंड वर करून बोलायची, तशी आवारात दुसरी कोणी बोलत नसे.

"दादा, गाडी उद्याचा दिस आपलीच हाय ना?"

"हाय. का गं?"

"वास माझ्याकडं द्या. उद्या सांजच्याला परत पुरचुंडी ठेवा. गेला नाय तर न्या उघडी, गवत भरा, इटा भरा, नायतर म्हशी भरा."

हे म्हणाले, "हाजराबी, ती गाडी आहे, मडकं नाही धुवून टाकायला."

"मडक्यालाच मोठं केलंय, भाऊ, चाकं लावून," ती म्हणाली, आणि मामंजी मिशीत हसले. हसले म्हणजे झालं, हे सगळ्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं केलं ते असं. बाकांवरच्या गाद्या, काथ्या भरलेल्या, तिनं ओढून बाहेर टाकल्या. गोडसर वास त्यांच्यातच होता. लाकूड राखेनं घासलं. मग कढईतली तापलेली रेती लोखंडी घमेल्यानं नेऊन गाडीत ओतली, तळाला, बाकांवर, कोपऱ्याकोपऱ्यांत, आणि दारं लावून टाकली. रेती निवली की बाहेर, दुसरी गरम आत. मला तिनं हात लावू दिला नाही. "तू बस आनि हुरड्याचं सांग," म्हणायची. मी सांगत होते. ती घामानं निथळत जात-येत होती आणि मध्येच म्हणत होती, "मग? कनीस भाजल्यावर मग?" त्या दिवशी कुरमुरे थोडेच निघाले, तरी मामंजींनी तिला थांबवलं नाही.

दुपार उतरल्यावर रेती झाडून काढली, पुरचुंडी ठेवली. आणि इथे उस्मानभाईंनी घोटाळा केला. गाडी येणार, आपल्या हाताखाली येणार, या आनंदात त्यांनी कोणाला न सांगता आत लोबान जाळला. त्यांच्याकडे नव्या वस्तूला तसं करतात, शुभ म्हणून. त्यांना वाटलं, पुरचुंडी बांधलेली आहे, तिला काय होतंय. ज्या माणसाचा जन्म कुरमुऱ्यांत गेला, त्यानं हे करावं!

संध्याकाळी मामंजींनी फडकं सोडलं, दाणे तोंडात टाकले आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "अरे," म्हणाले, "हा तर उरूस!"

सासूबाईंनी नुसता वास घेतला. "अगं बाई. दर्ग्यात बसल्यावानी वाटतंय."

हाजराबी नवऱ्याकडे वळली. "तुमी?"

उस्मानभाई टोपी काढून उभे. "बरकत व्हईल म्हनलं..."

"बरकत! मी दिसभर रेती व्हायली आनि तुमी बरकत करताय! तुमाला कुनी इचारलं व्हतं? आता ह्ये कुरमुरे घिवून बसा आनि जलमभर उरसात इका!" ती रागानं बोलत होती, पण आवाज शेवटी फुटला, तेव्हा मला कळलं की ही गाडी तिला किती हवी होती. आमच्या यांनी म्हटलं, काही का असेना, वास तो वासच. शेठला सकाळी गाडी परत करायची आहे. खोटं नव्हतं ते.

मामंजी बराच वेळ दाणे चघळत राहिले. मग त्यांनी पुरचुंडी उचलून माझ्यापुढे धरली, आणि माझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलले. तोवर जे काही असेल ते सासूबाईंच्या मार्फत यायचं. म्हणाले, "सूनबाई, लोबान सोड. लोबानाच्या खाली काय हाय, ते सांग."

मी डोळे मिटले. वरचा धूर होता, गोड, जाड. मी त्याच्या खाली गेले, जसं विहिरीत पायऱ्या उतरत जावं. धुराखाली रेती होती. रेतीखाली लाकूड, आणि राख. आणखी खाली गेले. फिनेल नव्हतं. तो जुना गोडसर वासही नव्हता. तांदूळ होता, मीठ होतं. मी पुन्हा एकदा बघितलं, माझंच मन मला फसवत नाही ना म्हणून. मग म्हटलं, "न्हाय. औषध न्हाय."

कोणी हसलं नाही.

"नक्की?"

"व्हय."

मामंजी यांच्याकडे बघून म्हणाले, "लोबान धूर हाय. दारं उघडी टाकली की चार दिसांत जातो. औषध लाकडात मुरतं, त्ये ऱ्हातं. त्ये गेलं म्हनते ती." हे म्हणाले, "आणि ती म्हणते म्हणून...?" मामंजींनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "काल तिला नाय म्हनायचं व्हतं," ते म्हणाले. "तोंडावर दिसत व्हतं सगळ्यांना. तरी हाय म्हनली. काल खोटं बोलली असती, तर आज मी तिला इचारलं नसतं." आणि पुरचुंडी बांधून आत निघून गेले. गाडी घेतली. यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, हेही लिहायला हवं. दुसऱ्या दिवशी स्वतःच सुताराला आणून बाकांच्या फळ्या नीट करून घेतल्या, आणि माझ्या बाजूची जरा रुंद करायला सांगितली.

चैत्रात निघालो. गाद्या तर फेकल्या होत्या, तेव्हा हाजराबीनं आपली गोधडी आणून बाकावर घातली, निळ्या आणि तपकिरी तुकड्यांची. पायथ्याशी माझ्या माहेरी द्यायची कुरमुऱ्यांची पोती रचली होती. मी चढले, सासूबाई चढल्या, पुढे उस्मानभाई आणि हे. हाजराबी मागच्या दारात उभी.

"मला काय आनशील?"

"काय आणू?"

"तुझा तो हुरडा."

"तो आणता न्हाय येत. किती वेळा सांगितलं."

"मंग मलाच न्यायला लागंल," ती म्हणाली, हसली, दातातली फट दिसली, आणि तिनं दार लावून वर तळहाताची थाप मारली, बैल हाकताना मारतात तशी.

तो प्रवास मला प्रवासासारखा आठवतच नाही. गाडीच्या काचा पांढुरक्या, त्यातून काही नीट दिसायचं नाही. हिरवं आलं की घाट, उजेड आला की माळ, गलबला झाला की गाव. मी पोत्यांवर पाय टाकून पडले होते आणि गाडी वळली की पोती खसखसायची, जशी कोणी कुशीवर वळतंय. लोबानाचा वास अजून थोडा होता, तुमच्याआमच्यात राहू दे, मला तो आवडायला लागला होता. पोटात बाळ वळायचं, बाहेर गाडी वळायची, आणि मी मध्येच डोळा लागून मध्येच जागी. सासूबाई आपल्या चांगल्या लुगड्यात, मान ताठ, कानात एकही कुरमुरा नाही, खिडकीला बसून काहीच दिसत नसताना बघत होत्या. "कुठं आलो?" मी विचारलं की म्हणायच्या, "पांढऱ्यात."

गावात शिरलो तेव्हा उलटंच झालं. उतरत्या उन्हात ती तांबडी फुली रंगाखालून दिसली आणि कोणीतरी ओरडलं, दवाखान्याची गाडी आली. माणसं धावली. आई ओढ्यावरून धावत आली, गाडीवर लोधिवलीची माणसं बघितली, आणि दार उघडायच्या आधीच तिनं हंबरडा फोडला. आतून मी ओरडत होते, "आई, मी हाय! मी बरी हाय!" आणि दाराची कडी कोणाला उघडता येईना. शेवटी उस्मानभाईंनी उघडली. मी पोती बाजूला सारून उतरले. आईनं मला आधी एक चापट मारली, मग मिठीत घेतलं. तिच्या पदराला धुराचा आणि भाकरीचा वास होता. माझ्या आईचा वास काय होता, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मुलगा झाला. आडवा आला होता, आईनं आणि आमच्या गावच्या सुईणीनं रात्र काढली. ते मी इथे लिहीत नाही. तो मुलगा आता साठीकडे झुकलाय आणि त्याचाच मुलगा परवा जुन्या गाड्या बघत फिरत होता. ती बंद गाडी आमच्याकडे पुष्कळ वर्षं चालली. मग थकली, मग भट्टीमागे नुसतीच उभी राहिली, तीत कोंबड्या राहिल्या. भट्टी गेली, तिथून आता मोठा रस्ता गेलाय. गोधडी मात्र माझ्याकडेच राहिली. बाळंतपणात ती फार खराब झाली, म्हणून मी तिच्यासारखी दुसरी शिवून दिली होती. हाजराबीनं ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "ही चांगली हाय. पन मी तर दुसरंच मागितलं व्हतं."

हाजराबी आहे. लोधिवलीला, नातवाच्या घरात, खाटेवर. उस्मानभाई जाऊन खूप झालं. तिला आता कमी ऐकू येतं, दिसत तर नाहीच म्हटलं तरी चालेल. गेल्या महिन्यात मी गेले, तिच्या हातावर हात ठेवला. कोण, म्हणाली. मी तोंड कानापाशी नेऊन म्हटलं, "व्हय, मीच." एवढ्यावर तिनं ओळखलं. किती हिवाळे आले आणि गेले. दर हिवाळ्यात माझ्या मनात असायचं, आणि दर हिवाळ्यात काही ना काही निघायचं, बाळंतपणं, आजारपणं, शाळा, मग नातवंडं. आयुष्य त्या पांढऱ्या काचेतून बघितल्यासारखं गेलं, कधी घाट होता आणि कधी माळ, नीट दिसलंच नाही.

नातवानं गाडी ठरवली आहे. मागच्या बाजूला आधीच्या मालकाच्या कुत्र्याचा वास येतो, पण तो जाईल, मी त्याच्या खाली बघितलंय. मी त्याला म्हटलं, पातेली नंतर. पहिली फेरी माझी. पौषात माझ्या माहेरच्या शेतात शाळू हुरड्याला येईल, भाच्यानं कळवलं की निघायचं. हाजराबीला पुढे बसवायचं, काचेपाशी, दिसलं नाही तरी. मी मागे बसेन. कणसं भाजून दाणे मळायचे ते मी मळीन, आणि ते गरम आहेत तोवर तिच्या तळहातावर ठेवीन.